तीनदा मेलेला पुतळा

"हा पुतळा बिघडलाय!" विभागप्रमुख डॉ. हळबे गरजले. मेडिकल कॉलेजात ते विद्यार्थ्यांना उपचार करून दाखवत असताना, पेशंटची नक्कल करणारा सरावाचा बोलका पुतळा सकाळपासून तिसऱ्यांदा मेला होता. इंजेक्शन बरोबर, डोस बरोबर, मग मरतो कसा? विद्यार्थी गोंधळले. वायरी तपासून कंपनीचा माणूसही चक्रावला. शेवटी पुतळ्याला जोडलेल्या पडद्यावर मरणाचं कारण उमटलं: औषधाची ॲलर्जी.

काचेआडून माइकवर पुतळ्याच्या वतीनं बोलणाऱ्या सिस्टर शेलारांवर हळबे उखडले, "हे त्यानं आधी सांगायला नको?"

"तिन्ही वेळा सांगायला गेला, सर. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नका."

"मग ओरडायचं!"

"खरा पेशंट तुमच्यावर ओरडत नाही, सर. गप्प बसतो आणि हात पुढे करतो. पुतळा अगदी खऱ्यासारखा हवा, हा तुमचाच आग्रह होता."