भाव उतरतोय, सूनबाई!

शेअर बाजार घसरत होता आणि विमान कंपनीचे शेअर ठेवावेत की विकावेत, या काळजीनं माझा डोळा लागला नव्हता. नोकरी सोडताना मिळालेली सगळी पुंजी त्यातच होती.

रविवारी आमच्या गुंतवणूकदारांच्या बैठकीत सर्वांत ज्येष्ठ असलेले मोरेश्वरमामा चहा फुरकत गरजले, “सूनबाई, भाव उतरतोय! मी परवाच सगळे विकून उतरलो. तूही उतर!”

मी म्हणाले, “मामा, विमान उतरायला लागलं की पट्टा बांधून बसतात. मधेच कोण उतरतं? कंपनीची विमानं भरून जाताहेत. मी बसून राहणार!”

सगळे खो खो हसले. माझ्या मांडीवरची पाच वर्षांची लेक शाल्मली मात्र मामांकडे काळजीनं बघत म्हणाली, “आजोबा, मधेच उतरताना तुम्हाला खूप लागलं का हो?”