गळकं टाकं आणि चाफ्याची परी

मितूकडे एकच फ्रॉक होता, आणि चपला तर नव्हत्याच. डोंगरावरच्या जुन्या बुद्धविहाराची बाग पुन्हा फुलवायचं काम चाललं होतं. मितूची आई तिथे सिमेंट कालवायची आणि मितू तापल्या खडकावर पाय भाजत, प्रश्न विचारत हिंडायची.

"आई, खडकात ही लांबलचक रेघ कुणी कोरली? ती चाफ्यापाशीच का थांबते?"

"डोकं नको खाऊस गं!" आई म्हणायची.

बागेत एकच झाड उरलं होतं, सोनचाफ्याचं. तेही वाळत चाललेलं. "उद्या तोडून टाकू," मुकादम तायडेकाका म्हणाले, तेव्हा मितूला रडूच आलं. तिने आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं.

तोच फांदीवरून अंगठ्याएवढी परी घसरत खाली आली! इवलेसे पिवळेधम्मक पंख, पण कडा सुकलेल्या.

"माग एक इच्छा," परी म्हणाली. "पण जे इथे पूर्वी होतं, तेच मागायचं हं. नवं मागितलंस तर इच्छा फुकट. आणि हे झाड गेलं, की मीही गेले."

म्हणजे चपला बाद! जिलेबीसुद्धा बाद! पूर्वी इथे होतं तरी काय? मितू रेघेवर बोट ठेवून चढत गेली. रेघ थेट वरच्या दगडी टाक्याशी पोचली. टाकं काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्या भिंतीवर, अगदी खाली, सिमेंटचा नवाकोरा ठिपका.

"आई, हे काय?"

"अगं, टाकं गळत होतं ना, मीच बुजवलं ते भोक."

मितू धावत सुटली. "परी, मला ते भोक परत हवंय!"

परी इतकी हसली, की पंखांतून सोनेरी भुकटी सांडली. "इथे राजेसुद्धा येऊन गेले गं, पण भोक कुणी मागितलं नव्हतं!"

ठिपका टपकन निखळला. रेघेतून चमचमतं पाणी दुडुदुडु धावत आलं. चाफा हिरवागार झाला, त्याच्या शेजारच्या कोरड्या तळ्यात निळी कमळं उमलली.

"अरेच्चा! टाकं गळत नव्हतं, बागेला पाणी पाजत होतं!" तायडेकाका म्हणाले.

"आणि मी शहाणी, ते बुजवून बसले," आई हसली.

"आता ही बाग तुम्ही मायलेकींनीच सांभाळायची," काकांनी सांगून टाकलं.

चाफ्याभोवती लख्ख पिवळा उजेड झाला आणि परी त्यात मिसळून गेली. मितू बघतच राहिली. तिची भाजलेली पावलं थंडगार पाण्यात होती, आणि चपलांची तिला आठवणही नव्हती.