अंगठ्याची खूण

त्या राज्यात सगळी प्रजा मातीच्या भांड्यांची होती आणि राज्य होतं रांजणाचं. प्रत्येकाच्या बुडावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा असे. कुंभाराच्या अंगठ्याला चीर पडलेली, तीही ठशात उमटे. रांजणाच्या डोळ्यांत ही खूण सलायची. तोंडावर सदा झाकण घालून मिरवणाऱ्या त्या स्वारीला, आपल्याला कुणी घडवलं हेच मानवत नव्हतं. त्याने फर्मान काढलं: भांडी मातीतून आपोआप उगवली, तेव्हा ज्याने त्याने आपला ठसा दगडावर घासून टाकावा. दर पंधरवड्याला सगळ्यांनी चौकात पालथं पडायचं आणि रांजणाने बुडं तपासायची. न घासणाऱ्यांसाठी वरवंटा होताच.

घागरीने पहिल्याच दिवशी ठसा घासला. जीव कुणाला नकोसा असतो? पण तिच्यासोबत एकाच भट्टीत, अंगाला अंग लावून भाजलेलं मडकं काही केल्या ऐकेना. दोघांच्या कुशीवर त्या स्पर्शाचा फिकट डाग अजून होता.

“घास ना, बाळा,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “चार वेळा दगडावर फिरलं की सुटलंस. मनात काय ते ठेव.”

“अक्का, फुटायची भीती मलाही वाटते गं. पण आपल्याला भट्टीतून काढताना कुंभाराचा हात पोळला, तो मी पाहिलाय. न पाहिल्यासारखं कसं करू?”

भर दुपारी मडकं चौकात पालथं पडलं. वरवंटा एकदाच उतरला. रांजणाने ठशाची खापरी तेवढी वेचून तिची भुकटी करवली आणि बाकीच्या तशाच टाकून तो निघून गेला.

घागर हुंदके देत खापऱ्यांपाशी आली. त्या उताण्या पडल्या होत्या. अरुंद तोंडांच्या त्या प्रजेत कुणी कुणाच्या पोटात कधी डोकावलं नव्हतं. आतून प्रत्येक खापरीवर बोटांच्या रेघा होत्या, तळापासून गळ्यापर्यंत, आणि जागोजागी अंगठ्याची ती बारीक चीर. घागरीला आधीपेक्षाही जास्त रडू आलं, मडक्यासाठी आणि स्वतःच्या गुळगुळीत बुडासाठी.

पुढच्या तपासणीला ती पालथी पडली नाही. सरळ वरवंट्यापाशी जाऊन उभी राहिली.

“तुझं बूड स्वच्छ आहे, घागरबाई,” रांजण म्हणाला. “तुझ्यावर कसलीच खूण नाही. जा घरी.”

“आहे, महाराज.” ती म्हणाली. “आत आहे. बघायची तर फोडावं लागेल.”

चौकातली सगळी भांडी रांजणाकडे बघू लागली. त्याने आपल्या तोंडावरचं झाकण घट्ट ओढून घेतलं.