अडतीस लिटरचा पराक्रम

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे एक जुनी गाडी आणि भरपूर अक्कल शिल्लक होती. गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, तशी ती अक्कल आणि बायको, दोघींना घेऊन मी मिरजेच्या बाबालाल मेस्त्रींकडे गेलो.

त्यांनी गाडीखालून एक काळा डबा सोडवला. टाकीतली वाफ यातला कोळसा धरून ठेवतो, म्हणाले. डबा तिरका केला, तर माझ्या बुटावर चक्क पेट्रोल सांडलं.

"डबा बदलायला लागतोय. ह्यात नुसती वाफ यायला पाहिजे, पेट्रोल नाही. टाकी गळ्यापर्यंत भरता काय, साहेब?"

"छे! मी नियमाने चालणारा माणूस."

"बरोबर. ह्या टाकीत पस्तीस लिटरच्या वर बसतच नाही म्हणा."

मला राहवलं नाही. "कोण म्हणतं? मी अडतीस बसवतो! पंपाची नळी बंद झाली की हिला खाली उतरवतो आणि दोघं मिळून गाडी गदागदा हलवतो, की वरचं पेट्रोल खाली बसतं."

नवा डबा बसवता बसवता मेस्त्रींनी शांतपणे विचारलं, "धरण भरल्यावर पण असंच हलवत होता काय, साहेब?"

नऊ वर्षं गाडी हलवलेली माझी बायको जी हसायला लागली, ती घर आलं तरी थांबली नाही.