बुजगावणं आणि जुनी साडी

फार वर्षांमागे चंद्राक्काच्या मेथीच्या वाफ्यांत एक बुजगावणं डोळे वटारून राखणीला उभं असे. हरणांना त्याची इतकी सवय झाली, की ती खुशाल त्याच्याच खांद्याला शिंगं घासत आणि मेथी फस्त करत. बुजगावण्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी चंद्राक्का चिडून फास लावायला आली. पण हरिणीमागचं लंगडं पाडस दिसलं, तशी ती फास गुंडाळून परत गेली आणि तिनं वाफ्यांभोवती आपल्या जुन्या साड्या बांधल्या.

हरणं आली, साड्या हुंगून डोंगरावरच्या गवताकडे निघून गेली.

"काय दम दिलास गं त्यांना?" बुजगावण्यानं विचारलं.

"दम कसला?" वाऱ्यावर फडफडत साडी म्हणाली. "तू त्यांना राग दाखवत होतास, पण मेथीही दिसतच होती. मी नुसती मेथी झाकली."