गॅरेजच्या कोब्याला कोणता लेप?

“…आणि उन्हात तापलेल्या टायरनं गाडी आत आली, तर यांतलं कोणतं टिकेल, उस्ताद?”

बाबालाल उस्ताद शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला सारलं.

“आनखी काय इचारायचं हाय?”

सुकुमार बिरनाळ्यांना विचारायचं पुष्कळ होतं. पिशवीतून सहा नमुने काढून त्यांनी दर्ग्यामागच्या त्या ओट्यावर ओळीनं मांडले होते. वीतभर लांबीचे तुकडे. एक करडा, एक निळा, एक आरशासारखा चकचकीत, एकात रंगीत चुरा पेरलेला. प्रत्येकाखाली एक कागद आणि प्रत्येक कागदावर एक तक्ता. मुलगी बघायला आलेल्यांसमोर सुद्धा कुणी इतकी तयारी मांडत नाही.

“हे पाण्यात मिसळायचं इपॉक्सी. वास नाही, पण जाडी कमी. हे आपोआप सपाट पसरणारं. आणि याच्यावर पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा शेवटचा हात दिला तर उन्हानं पिवळं पडत नाही. मी सगळ्यांची कडकपणाची चाचणी घेतलीय. घरीच.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

उस्तादांनी पुढची शेंग घेतली.

हे सुकुमार बिरनाळे म्हणजे रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. लोकांच्या भिंतींवर चढणारा रंग आधी यांच्या टेबलावरून पास होऊन जायचा. आणि स्वतःच्या घरी? जयसिंगपुरात बांधलेल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी दोनदा इपॉक्सी लावलं, आणि दोन्ही वेळा ते दिवाळीच्या आत सोलून निघालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

उस्तादांची आणि त्यांची ओळख तीस वर्षांची. इपॉक्सी तेव्हा नवं होतं. कारखान्याच्या गोदामाची जमीन करायची होती, म्हणून प्रयोगशाळेतून तरुण सुकुमारला धाडलं आणि कोबा घालायला बाबालाल उस्तादांना बोलावलं. दोन महिने दोघं गुडघ्यांवर होते. सुकुमारनं उस्तादांना रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर समजावून सांगितलं. उस्तादांनी सुकुमारला जमिनीला हात लावायला शिकवलं, तोही पालथा, म्हणजे ओल कळते. कोण कुणाचा गुरू, हा प्रश्न सुकुमाररावांनी मनाशी तेव्हाच सोडवून टाकला होता. अर्थात स्वतःच्या बाजूनं.

आणि तरी आज ते बस पकडून उस्तादांच्या ओट्यावर आले होते, कारण तेरा दिवसांनी, रविवारी, भूपालदादा येणार होता.

भूपालदादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. पलीकडच्याच गल्लीत राहणारा, आणि नऊ वर्षं एका शब्दानं न बोललेला. बस्तीत, म्हणजे जैन देवळात, समोर आला तर हात जोडायचा, ते देवाला. आता वय झालं म्हणून तो हुबळीला लेकीकडे कायमचा निघाला होता. वडिलांची जुनी मोटार त्याच्याकडे होती, ती तिकडे नेता येत नव्हती. मग पुतणीचा फोन आला. “काका, पप्पा विचारतायत, आजोबांची गाडी तुमच्याकडं ठेवता येईल का? ते स्वतः घेऊन येतील.”

नऊ वर्षांतला पहिला निरोप. त्यांना दादा परत हवा होता, बास. हुबळीला जाण्याआधी हवा होता. आणि तो येईल तेव्हा गॅरेजची जमीन अशी लखलखली पाहिजे की दादानं म्हणावं, सुकुमार, झकास केलंस.

म्हणून हे सहा नमुने.

“मग?” सुकुमाररावांनी विचारलं. “कोणतं?”

उस्तादांनी हात झटकले. करडा तुकडा उचलला आणि ओट्यावर पालथा ठेवला. मग निळा पालथा ठेवला. मग चकचकीत. एकेक करत सहाही पालथे केले आणि त्यांच्या उघड्या पाठींकडे बघत बसले.

“उस्ताद, रंग वरच्या बाजूला आहे.”

“दिसला की.”

“मग?”

“निगालेलं आनलंयस का?”

“काय निघालेलं?”

“सोलून निगालं म्हनतोस न्हवं? त्यातला तुकडा.”

आणला होता. प्रयोगशाळेतला माणूस, नमुना टाकून कसा देईल? पिशवीच्या तळाशी प्लास्टिकच्या डबीत तळहाताएवढा एक पापुद्रा होता. सुकुमाररावांनी तो जरा नाखुशीनंच पुढे केला. हरलेल्या कुस्तीचा फोटो कुणी हौसेनं दाखवत नाही.

उस्तादांनी पापुद्रा घेतला. वरची चकाकी त्यांनी पाहिलीच नाही. उलटा करून डोळ्यांजवळ नेला. खालच्या बाजूला पांढरी पूड धरली होती, भिंतीला लोणा लागतो तशी.

त्यांनी जीभ बाहेर काढली आणि ती पूड चाटली.

“उस्ताद!” सुकुमारराव ओरडलेच. “अहो, केमिकल आहे ते!”

“खारट हाय.”

“क्षार असतात सिमेंटमध्ये…”

“सिमिटात असत्यात. पर वर येताना चालत येत न्हाईत ते. कुनीतरी आनतंय.”

सुकुमाररावांनी रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

“फोड आलं व्हतं का आधी?”

“आले होते. बारीक बारीक. आषाढात.”

“फोडून बगितलास?”

“…एक.”

“आत काय व्हतं?”

“थोडं पाणी. बाहेरच्या दमट हवेचं असणार. हवेतली वाफ थंड होऊन…”

“प्लाष्टिक लावून बगितलास?”

आता हे प्लास्टिकचं सांगायला हवं. उघड्या जमिनीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा आणि एक दिवस तसाच सोडायचा. दुसऱ्या दिवशी उचलला आणि खाली दव दिसलं, तर ओल खालून येतेय. साधी, फुकटची परीक्षा. गोदामाच्या वेळी सुकुमारनं ती उस्तादांना मोठ्या ऐटीत शिकवली होती, आणि त्यानंतर उस्तादांनी ती केल्याशिवाय उभ्या आयुष्यात एक डबा उघडला नव्हता.

“लावलंस का?” उस्तादांनी पुन्हा विचारलं.

“नाही.”

“दोन डाव केलंस. दोन्ही डाव न्हाई?”

“नाही.”

“तूच शिकिवलंस मला.”

“हो.”

“मग का न्हाई लावलंस?”

सुकुमाररावांनी ओट्यावरच्या तुकड्यांकडे पाहिलं. सगळे पालथे. नजर ठेवायला एकही रंग नव्हता. सहा डब्यांच्या सगळ्या चाचण्या केल्या, नखानं, खिळ्यानं, गरम इस्त्रीनं, आणि जमिनीची तेवढी एक राहिली, हे त्यांचं त्यांनाच आत्ता नवल वाटत होतं. विसरलो म्हणावं, तर विसरलेले नव्हते. गोठ्यासारखी ओल दिसली तर काय, अशी एक धास्ती तेव्हाही होती. तिच्याकडे त्यांनी सवडीनं बघू म्हटलं, आणि ती सवड काही मिळाली नाही.

उस्ताद पुन्हा शेंगा फोडायला लागले.

“खाली काय हाय?”

“वर कोबा. त्याखाली पाच इंच काँक्रीट.”

“त्याखाली?”

“मुरूम. चांगला चोपलेला.”

“मुरमाखाली?”

“माती. काळी.”

“मातीखाली?”

“मातीखाली काय असणार, उस्ताद? माती.”

उस्तादांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

…

“आड होता,” सुकुमारराव म्हणाले.

“व्हता का हाय?”

“बुजवला. नऊ वर्षं झाली.”

“पानी व्हतं?”

“होतं. चैत्रातसुद्धा आटायचं नाही.”

“मग बुजिवलास त्यो आड. पानी कुठं गेलं?”

रसायनशास्त्रातली पदवी, बत्तीस वर्षांचा अनुभव आणि सहा तक्ते. पण पाणी कुठं गेलं, हे एकाही तक्त्यात नव्हतं.

“कुनी नगं म्हनलं न्हाई?”

हा प्रश्न येणार हे त्यांना कळलं होतं.

“दादा म्हणाला होता.”

आड दोघांच्या वडिलांच्या परसातला. वाटणीत परस सुकुमारांकडे आलं. दादा मात्र रोज पहाटे अंघोळ करून, ओल्या पंच्यानं पलीकडच्या गल्लीतून यायचा. बस्तीतल्या अभिषेकाचं पाणी त्या आडाचं असायचं. पाणी शेंदायचं, दुपदरी फडक्यातून गाळायचं, आणि मग त्या फडक्यात जे उरलं असेल, जे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, ते उलट्या बाजूनं धुऊन परत आडात सोडायचं. त्याला घरात जिवाणी म्हणत. जीव जिथले, तिथे त्यांनी परत जावं. सोडताना भांडं पाण्यापर्यंत खाली न्यायचं, उंचावरून ओतायचं नाही. त्यांना लागेल.

सुकुमार याची थट्टा करायचा. “दादा, नगरपालिका रोज क्लोरीन घालून कोट्यवधी मारते, तू चार सोडून काय होणार?” दादा हसायचा. चिडायचा नाही. भांडं मात्र तितक्याच हळू खाली सोडायचा.

“त्याला गाडीला जागा हवी हे पटत होतं,” सुकुमारराव सांगू लागले. “नुसतं म्हणायचा, आड सोडून बाजूला बांध. बाजूला बांधलं तर फाटक तिरकं येत होतं. चार दिवस तो कुंथलगिरीच्या यात्रेला गेला होता. मी ट्रॅक्टर लावला. दीड दिवसात…”



“आला तवा काय म्हनला?”

“काही नाही. पहाटे नेहमीसारखा कळशी आणि फडकं घेऊन आला. मुरमाच्या कडेला उभा राहिला… मग गेला. तेव्हापासून बोललाच नाही.”

दर्ग्याच्या पायरीवर दोन साळुंक्या भांडत होत्या. उस्तादांनी चार दाणे तिकडे फेकले. भांडण काही मिटलं नाही, उलट वाढलं.

सुकुमाररावांनी नाक पुसलं आणि खाकरून आवाज सरळ केला. माणूस हुशार असला की रडण्यातून सुद्धा मुद्द्यावर लवकर येतो.

“पण उस्ताद, ओल अडवणारा प्रायमर मिळतो. खास त्यासाठीच केलेला. वरचं सगळं घासून काढायचं, त्याचे दोन हात द्यायचे, मग वर इपॉक्सी. मी वाचलंय. ते धरेल का?”

“धरंल.”

“खरंच?”

“चांगलं केलंस तर धा वरसं धरंल. मी केल्यात तशा जमिनी. नदीकाठच्या गोदामात केल्यात.”

सुकुमाररावांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी भराभर बोटं मोजली. घासायला दोन दिवस, प्रायमरला दोन, वरच्या हाताला दोन, वाळायला सात. तेरा! रविवारी बरोब्बर!

“म्हणजे दादा येईपर्यंत होतंय! आत पाऊल टाकलं की त्याला आपलं तोंड दिसेल जमिनीत. ओलीचा मागमूस राहणार नाही. मग सांगा, यांतला कोणता रंग घेऊ?”

ते वाकून पालथे तुकडे पुन्हा उताणे करू लागले. करडा. निळा. चकचकीत…

त्यांच्या हातावर उस्तादांनी आपला हात ठेवला. ऐंशी वर्षांचा, सिमेंटनं खाल्लेला, खरखरीत हात. दाबला नाही, नुसता ठेवला.

“त्या रईवारपातुर काय लावू नगंस.”

“काहीच नाही?”

“जुनं ऱ्हायलेलं बी खरवडून काड. झाडून घे.”

“अहो, मग उघडा कोबा राहील! पाऊस सुरू झालाय. आतापासूनच मधोमध गोल डाग दिसतोय, काळा, ओला. आडाच्या तोंडाएवढा. दादा दारातूनच बघेल तो!”

“बगू दे.”

“बघेल आणि परत जाईल, उस्ताद! आता गेला तर हुबळीला जाईल. मग मला तो…”



उस्तादांनी हात काढून घेतला. परात मांडीवर ओढली. एक शेंग फोडली, दाणे हातावर घेतले, सुकुमाररावांच्या ओंजळीत घातले.

सुकुमारराव ते दाणे धरून बसले. खाण्याचं भान नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ते प्रयोगशाळेतल्या साहेबाच्या आवाजात नव्हतं.

“तो आला की मी काय करू?”

“त्येला पायतान भाईर काडायला सांग.”

“गॅरेजच्या बाहेर?”

“व्हय. पानी हाय तितंच हाय, त्येच्या पायाला कळू दे.”

“…आणि?”

“तू बी काड.”