पहिला दाणा डावीकडं

एकदा काय झालं, बरं का, नदीकाठच्या एका गावात साळू नावाची बहीण आणि भिवा नावाचा तिचा धाकटा भाऊ राहायचा. वडील नव्हते, आई होती. त्यांच्या घरची एक रीत होती. जेवायला बसलं की पहिला घास ताटाबाहेर, डाव्या हाताला ठेवायचा. तो पाखरांचा. गावात दुसऱ्या कुठल्या घरात असं नव्हतं. लोक हसायचे. हसू देत.

एका वर्षी जोंधळा जेमतेम आला. भिवा शेतातल्या माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकायचा. एक पाखरू काही केल्या बांधावरनं हलेना. भिवाला राग आला. त्यानं नेम धरून धोंडा मारला. पाखरू मेलं. ते अंड्यांवर बसलं होतं हो, म्हणून हलत नव्हतं.

मग रानातनं एक म्हातारी आली. तिच्या केसांत पिसं होती. तिनं अंडी हातात घेतली. अंडी गार पडली होती. तिनं भिवाकडं नुसतं बघितलं, आणि भिवाचं पाखरू झालं, उडून गेलं. माळ्यावर गोफण तेवढी राहिली.

साळू भाकरी घेऊन आली होती. तिनं हे सगळं बघितलं. तिनं म्हातारीचे पाय धरले.

म्हातारी म्हणाली, "ज्या पाखरासारखं जगात दुसरं नाही, ते पाखरू म्हणजे असाच कुणीतरी माणूस. त्यातला तुझा ओळख. ओळखून नाव घेतलंस तर परत माणूस होईल. चुकलीस तर ते पाखरू मरेल. आणि लवकर कर. पिसं झडून नवी आली की त्याला घरदार आठवणार नाही."

आईनं अंथरूण धरलं. म्हणाली, "भिवा येईल तेव्हा जेवीन." शेजारणीनं पेज पाजली तर दोन घोट घ्यायची, तेवढंच. मग साळूनं पदरात जोंधळा बांधला आणि निघाली.

चालत चालत ती एका मोठ्या तळ्यावर आली. तिथला भोई म्हणाला, "बाई, यंदा एक निळं पाखरू आलंय. असलं माझ्या बापानंही बघितलं नव्हतं." साळूनं बघितलं. भिवाच्या बंडीसारखा निळा रंग. तिचा ऊर भरून आला. ती ओरडली, "भिवा." पाखरू पाण्यात पडलं. भोयानं होडी घातली, वर काढलं, तर तो विशीतला पोरगा. गळ्यात ताईत. कुणाचा होता कोण जाणे. दोघांनी त्याला काठावर पुरलं.  

मग ती डोंगरावर गेली. तिथं एक म्हातारा धनगर मेंढरं राखत होता. तो म्हणाला, "पाखरं बघत हिंडतेस होय? घरी भाकऱ्या कोण थापतं मग?"

"घरी आई आहे. ती जेवत नाही, म्हणून हिंडते."

धनगराचं हसू गेलं. म्हणाला, "सुगीपासनं इथं एक पाखरू येतं. माणसासारखी शीळ घालतं. बघ बाई तुझं असलं तर."

पाखरू आलं. शीळ घातली. भिवा अशीच शीळ घालायचा. साळूनं या वेळी थोडं थांबून बघितलं, पण पुरतं नाही. तिनं नाव घेतलं. पाखरू दगडावर पडलं, आणि दगडावर एक मिशाळ गडी मरून पडलेला दिसला.

धनगर खाली बसला. म्हणाला, "हा माझा भाऊ. सुगीला हरवला. रोज शीळ ऐकत होतो मी याची. म्हटलं, पाखरू नक्कल करतंय."

साळूनं डोकं त्याच्या पायावर ठेवलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "ऊठ. मला घरचा असून ओळखता आला नाही, तू तर परकी. पण ऐक. रंग कुणाचाही असतो. शीळ कुणालाही शिकवता येते. दुसऱ्या घरात नाही असं तुमच्या घरात काय होतं, ते आठव."

साळू आठवत आठवत चालली. दिवस गेले. एका गावाबाहेर खळं होतं. खळ्यावर चिमण्यांचा थवा, आणि त्यांत एक मातकट पाखरू, चिमणीही नव्हे, दुसरं कुठलंही नव्हे. दिसायला काहीच नाही. पिसं झडून अर्धं उघडं पडलेलं. साळूच्या ओठावर नाव आलं. तिनं ते गिळलं. आता चुकायचं नव्हतं, बरं का.

तिनं पदरातले मूठभर दाणे टाकले आणि लांब जाऊन बसली. ऊन चढलं, उतरलं. पाखरू हळूहळू जवळ आलं. त्यानं एक दाणा चोचीत धरला. खाल्ला नाही. डाव्या बाजूला ठेवला. एक चिमणी आली, तो खाऊन गेली. मग पाखरानं दुसरा दाणा उचलला आणि खाल्ला.

साळू हळूच म्हणाली, "भिवा, बाळा."

शेवटचं पीस गळालं. खळ्यावर भिवा उघडा, कुडकुडत बसला होता. तो म्हणाला, "आक्का, मी अंड्यांवरचं पाखरू मारलं."

"माहीत आहे," साळू म्हणाली. तिनं पदर त्याच्या अंगावर टाकला. "माझ्या हातनंही दोघं गेले. चल आता. आई जेवली नाही."

घरी आल्यावर भिवानं माळ्यावरची गोफण आणून चुलीत घातली. आई उठून बसली. तिघांची ताटं वाढली. त्या दिवसापासनं त्या घरात डावीकडं तीन घास ठेवतात. एक पाखरांचा, एक तळ्याकाठच्या पोराचा, एक धनगराच्या भावाचा. सुगीला धनगरही जेवायला येतो. तो आपल्या भावाचा घास आपल्या हातानं ठेवतो. मग सगळे पोटभर जेवतात.

ते तिकडं सुखानं जेवले, तुम्ही इकडं सुखानं निजा. आणि सकाळी न्याहारीला बसाल, तेव्हा पहिला घास कुठं ठेवायचा, ते आता सांगायला नको. मिटा डोळे.